भिशीचा हिशेब, विण्याची मर्यादा आणि तक्रारीची वाट

(वारीच्या तयारीच्या दिवसांत दिंडीतल्या वागणुकीबद्दल पत्रे येऊ लागतात. या वेळी पाच प्रश्न घेतले आहेत. उत्तरे आळंदी ते पंढरपूर पायी सोहळा समोर ठेवून दिली आहेत. देहूच्या किंवा इतर पालख्यांत व्यवस्थेचे तपशील थोडे वेगळे असतील.)

प्रश्न : आमच्या गावच्या दिंडीत दीडशे माणसे असतात. भिशी (जेवणखाण-मुक्कामासाठी माणशी घेतली जाणारी वर्गणी) दरवर्षी वाढते, पण वाटेत निम्म्या पंगती तर अन्नदातेच घालतात. हिशेब मागितला की "माउलीच्या कामात हिशेब कसला?" असे उत्तर मिळते. काय करावे?

हिशेब मागावा, आणि निघण्याआधी मागावा. पंढरपुरात पोहोचल्यावर मागितलेला हिशेब भांडणातच संपतो, कारण तोवर पावत्या ट्रकमध्ये भिजलेल्या असतात आणि आचारी गावी गेलेला असतो.

तुम्ही लिहिलेल्या अडचणीचे मूळ अन्नदानात आहे. भिशी ठरवताना सगळ्या मुक्कामांचा दोन्ही वेळचा खर्च धरतात. वाटेत एखादा गृहस्थ पंगत घालतो, तेव्हा त्या वेळचा किराणा वाचतो. ही बचत वहीत कुठेच चढत नाही. चोरी झालेलीच असते असे नाही, पण संशयाला जागा तिथेच होते. आकड्यांत पाहा. समजा, दीडशे जणांकडून प्रत्येकी 2,500 रुपये घेतले, तर 3,75,000 रुपये जमा झाले. एका जेवणाचा खर्च माणशी 40 रुपये धरला आणि नऊ पंगती दात्यांनी घातल्या, तर 54,000 रुपये वाचले, म्हणजे माणशी 360. ही रक्कम परत करायची, ताडपत्र्यांसाठी ठेवायची की परतीच्या गाड्यांना लावायची, हे भिशी घेतानाच सांगितले असेल तर पुढे कोणी ब्र काढत नाही.

व्यवस्था अशी लावावी. प्रस्थानाच्या महिनाभर आधी बैठक घेऊन अंदाजपत्रक वाचावे : किराणा, गॅस, आचाऱ्यांची मजुरी, ट्रकचे भाडे, तंबू, पाण्याचा टँकर, औषधे. प्रत्येक भिशीची छापील पावती द्यावी. रोजच्या खर्चाची कीर्द एकाने लिहावी आणि पैसे दुसऱ्याने सांभाळावेत. एकाच माणसाकडे पेटी आणि वही दोन्ही असली की तो कितीही सज्जन असो, त्याच्यावर बोट येणारच. अन्नदानाला त्याच कीर्दीत वेगळा रकाना हवा : तारीख, मुक्काम, दुपार की रात्र, काय शिधा आला. धान्य रूपाने आले तर पोती मोजून लिहावीत.

हल्ली नवा घोळ होतो तो क्यूआर कोडचा. दिंडीचालकाच्या खासगी नंबरवर देणग्या येतात, त्यातच त्याचे घरचे व्यवहार मिसळतात आणि पुढे त्यालाच काही सांगता येत नाही. दिंडी न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल तर न्यासाच्या खात्याचाच कोड लावावा. नसेल तर किमान तिघांच्या संयुक्त नावावर वेगळे खाते काढावे. नोंदणीकृत न्यासाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे. त्यानुसार दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ दिंड्यांच्या कागदावर अजून वारलेले विश्वस्तच आहेत. मग बँक सह्या मानत नाही आणि सगळा कारभार रोखीत चालतो. भांडणे तिथून सुरू होतात.

शिध्याचा अंदाज सांगून ठेवतो, म्हणजे खरेदीची बिले तपासता येतील. चालणाऱ्या माणसाला एका जेवणाला तांदूळ 100 ते 120 ग्रॅम, डाळ 40 ते 50 ग्रॅम आणि पोळ्या असतील तर कणीक दीडशे ग्रॅम. दीडशे जणांना एका वेळी तांदूळ 15 ते 18 किलो लागतो. कीर्दीत रोज 30 किलो एका वेळेला दिसत असेल तर आचाऱ्याशी बोलायला हवे. बहुतेक वेळा कारण साधे निघते : दिंडीबाहेरचे पन्नास-साठ जण पंगतीला बसतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. उठवूही नये. फक्त ती संख्या लिहावी.

प्रश्न : आमच्याकडची तरुण मुले विणेकऱ्याला मागे टाकून पुढे पळतात, रिंगणात व्हिडिओ काढतात. ओरडलो तर रुसतात. शिस्त कशी लावायची?

ओरडून लागत नाही, काम दिल्याने लागते. दिंडीची रचना त्यांना एकदा समजावून सांगा. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंगी, मागे विणेकरी आणि त्यांच्या मागे तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या महिला. विणेकरी मागे असतात म्हणजे दुय्यम असतात असे नव्हे. अभंग कोणता, चाल कोणती, थांबायचे कधी, हे तेच ठरवतात. विणा जमिनीवर ठेवत नाहीत. उतरवायचा असला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतात आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. ज्या मुलाने गावच्या सप्ताहात पहाटे दोनचा पहारा (विणा गळ्यात घेऊन उभे राहण्याची पाळी) केला आहे, तो विण्याला सोडून पळत नाही. तेव्हा वारीच्या आधी गावातच प्रत्येकाला एकेक पहारा द्या.

वाटेत रांगेत अंतर पडले की बाहेरची गर्दी आत घुसते आणि दिंडी तुटते. दिवे घाटाच्या चढावर हे हमखास होते. म्हणून प्रत्येक चौथ्या-पाचव्या रांगेच्या कडेला एक तरुण ठेवा आणि रांग सांधणे हे त्याचे काम. मोबाइल दुपारच्या विसाव्यात वापरावा, रांगेत नाही. रिंगणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे प्रश्न शिस्तीचा नसून जिवाचा आहे. स्वाराचा अश्व आणि माउलींचा अश्व भरधाव धावतात, आणि दोरीच्या आत वाकून हात लांबवणारा माणूस अश्वाला दिसतोच असे नाही. तिथे रुसवा-फुगवा पाहू नका. सरळ मागे खेचा.

प्रश्न : रात्री तंबूत एका ज्येष्ठ वारकऱ्याने माझ्या भावजयीशी गैरवर्तन केले. दिंडीतल्या मंडळींनी "माळकरी माणूस आहे, गैरसमज झाला असेल, समाज आरतीत मिटवू" असे सांगितले. मिटवावे का?

नाही.

समाज आरतीतली तक्रार ही सुंदर व्यवस्था आहे, पण ती कशासाठी आहे ते नीट पाहा. मुक्कामाला पालखीभोवती सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार (सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी) हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडलेले पुकारतात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. दिंडीचा क्रम मोडला, जागा बळकावली, पाणी मिळाले नाही, अशा तक्रारींसाठी ही रीत आहे. हजारो लोकांसमोर एखाद्या बाईला तिच्या अंगाला कोणी हात लावला हे सांगायला लावणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा छळणे.

भावजयीची इच्छा काय आहे ते आधी तिला विचारा, आणि ते बाईनेच विचारावे. तिला तक्रार करायची असेल तर 112 वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस चौकीत जा. सोहळा पुणे, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांतून जातो, त्यामुळे "घटना आमच्या हद्दीत घडली नाही" असे उत्तर मिळू शकते. ते मान्य करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. पुढे ती संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. अशा गुन्ह्यांत बाईचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने नोंदवायचे असते. भारतीय न्याय संहितेतली 74 आणि 75 ही कलमे यासाठी आहेत. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर घरच्यांची किंवा दिंडीची संमती हा विषयच राहत नाही. पॉक्सो कायद्याने, 2012 पासून, कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे.

घटना लगेच लिहून ठेवा : तारीख, मुक्काम, वेळ, जवळ कोण होते. त्या माणसाला त्याच दिवशी दिंडीतून दूर करा. बाईला दुसऱ्या तंबूत हलवून तो तिथेच राहिला तर शिक्षा तिलाच झाली. माळ ही घेणाऱ्याने स्वतःला घातलेली मर्यादा आहे. दुसऱ्याने तिच्याकडे दाखला म्हणून बघायचे कारण नाही.

पुढच्या वर्षीसाठी दिंडीने करायचे ते असे. महिलांचे तंबू वेगळे आणि शक्यतो मधल्या भागात. त्यांच्या तोंडाशी रात्रभर दिवा. स्नानासाठी उंच आडोसा, आणि तो टँकरपासून लांब नको, कारण पहाटे तीनला अंधारात बादली घेऊन चालत जावे लागते तिथेच त्रास होतो. शौचालयाकडे जाताना दोघी-दोघींनी जायचे. तक्रार ऐकायला दोन महिला नेमून त्यांचे नंबर भिशीच्या पावतीवरच छापा. त्या दिंडीचालकाच्या घरातल्या नसाव्यात.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. एकादशीला दिंडीत चूल पेटत नाही आणि काही खाल्ले तर टोमणे ऐकावे लागतात. नियम मोडतो का मी?

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेला सोहळा साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीला पुणे ते सासवड चालतो. तिथीच्या वृद्धी-क्षयाने क्वचित मागेपुढे होते. हा वाटेतला सर्वांत लांब टप्पा आणि त्यात दिवे घाट. इन्सुलिन घेऊन, पोटात नीट अन्न नसताना हे अंतर चालले तर साखर एकदम खाली जाते : घाम, थरथर, बोलणे अडखळणे, मग शुद्ध हरपणे. गर्दीत लोकांना वाटते की भजनात तल्लीन झाला आहे.

त्या दिवशी इन्सुलिनची मात्रा किती, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा आणि शेजारच्या टाळकऱ्याला आजार सांगून ठेवा. उपवासाची साबुदाणा खिचडी तुम्हाला सोयीची नाही, ती साखर झपाट्याने वाढवते. दिंडीने आजारी, गर्भवती आणि लहान मुलांसाठी एका शेगडीवर भाकरी-भाजी करावी. त्याने कोणाचेही व्रत मोडत नाही. टोमणे मारणाऱ्यांपैकी एकाला तुमच्यासोबत घाट चढायला ठेवा, हा आमचा थोडा खट्याळ सल्ला.

प्रश्न : कीर्तनकाराला बिदागी द्यावी की नाही? दिंडीत यावरून दोन तट पडले आहेत.

तुकोबांनी तर जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये असे सांगितले आहे. त्या मापाने पाहिले तर ठरवून घेतलेली बिदागी वारकरी रीतीत बसत नाही. पण बोलावलेल्या माणसाचा प्रवास आणि मृदंगी, गायक यांचा खर्च त्याच्या खिशातून जावा असाही त्याचा अर्थ नाही. प्रत्यक्ष खर्च द्यावा आणि तो कीर्दीत चढवावा. बंद पाकीट देऊ नका, कारण पाकिटातला आकडा पुढच्या गावात दुप्पट होऊन पोहोचतो आणि तिथली दिंडी तेवढ्याची तयारी ठेवू लागते. "इतके घेतल्याशिवाय उभा राहत नाही" असे कोणी आधीच कळवले तर दुसरा कीर्तनकार पाहा. वाटचालीत तर आपल्याच दिंडीतल्या कोणीतरी सेवा करावी. नवख्याला उभे राहायला मुक्कामाच्या रात्रीसारखी जागा नाही, आणि त्याला द्यायचे ते नारळ-बुक्का.