जुन्या मारुती ८०० च्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकावेत का?

तुमची गाडी २००४ ची, रात्री वणी-मारेगाव रस्त्यावर समोरचं धड दिसत नाही आणि दुकानदार म्हणतो एलईडी टाका, काम फत्ते. माझं मत विचाराल तर हेडलाइटमध्ये टाकू नका, बाकी गाडीत खुशाल टाका. मी नेमकं उलटं करून बसलो होतो, म्हणून सांगतो.

माझीही ८०० च. कापूस वेचणीचे दिवस होते, रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि बंड्या (बैलगाड्या), म्हणून एलईडी टाकून घेतले. घरासमोर गाडी उभी करून लावले तर अंगण दुधासारखं पांढरंफेक. खूश झालो. त्याच रात्री समोरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी आडवी लावून विचारलं, "काहून भाऊ, लोकायचे डोये फोडतं का?" डिपर, म्हणजे लो बीम, खाली होता हो! त्याला सांगून पटेना. पुढे दोन किलोमीटरवर रोही (नीलगाय) आडवा आला, तो मला अगदी जवळ आल्यावर दिसला. म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत होते आणि मलाही लांबचं दिसत नव्हतं.

कारण असं आहे. या गाडीत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब येतो, हाय बीम ६० वॅट, लो बीम ५५. त्यात दोन फिलामेंट असतात आणि लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती उजेडाला रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाऊ देत नाही, म्हणून डिपर खाली पडतो. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना, थोड्या मागे-पुढे, थोड्या जाड. फरक डोळ्याला दिसणारही नाही एवढा असतो, पण रस्त्यावर उजेड विस्कटतो. गाडीपुढचं पाच-दहा मीटर लख्ख होतं, त्या लखलखाटानं आपली बुबुळं आकसतात आणि पुढचा काळोख आणखी दाट वाटतो. पावसात तर ६००० केल्विनचा तो निळसर पांढरा उजेड ओल्या डांबरावर कुठे जातो कळत नाही. शिवाय बल्बच्या मागे पंखा असतो, त्यामुळे रबरी टोपी नीट बसत नाही. मग धूळ आणि पाणी आत शिरून रिफ्लेक्टरची चकाकी जाते.

मग मूळच्या हॅलोजननं दिसत का नाही? बल्ब वाईट नसतो, त्याच्यापर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. इंजिन चालू, लाइट लागलेले, अशा वेळी माझ्या बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या होल्डरवर ११.६. हॅलोजनचं गणित क्रूर आहे. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. माझ्या आकड्यांनी उजेड निम्म्यावर आला होता. वीस वर्षांची बारीक वायर, घासलेला स्विच आणि गंजलेला अर्थ (बॉडीला जोडलेली मायनस वायर), दुसरं काय होणार.

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. दोन रिले, सिरॅमिक होल्डर आणि जाड वायर असलेलं तयार हार्नेस (वायरिंगचा जोड) मिळतं. करंट बॅटरीवरून फ्यूजमधून थेट बल्बला जातो, जुना स्विच फक्त रिले ओढतो. बसवण्याआधी टेस्ट लॅम्पने एक गोष्ट तपासून घ्या, कारण काही गाड्यांत स्विच प्लस बाजूला असतो, काहींत अर्थ बाजूला, आणि जोडणी त्याप्रमाणे बदलते. बॉडीवरचा अर्थ पॉलिश पेपरने घासून नवा बोल्ट लावा. बल्ब मात्र ६०/५५ चाच. १००/९० चा मोह धरलात तर उष्णतेनं रिफ्लेक्टर खराब होऊ शकतो.

एलईडीची हौस मागच्या दिव्यांवर भागवा. पार्किंग, नंबर प्लेट, केबिन इथे ते उत्तम, बॅटरीही वाचते. लाल काचेमागे लालच एलईडी घ्या, पांढरा मळकट गुलाबी दिसतो. एखादा लागलाच नाही तर तो खराब समजू नका, उलटा करून बसवा. इंडिकेटरमध्ये टाकलात तर ते भराभर लुकलुकतील, कारण इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बचा लोड बघूनच चालतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. सोबत विकतात ते रेझिस्टर नकोत, फार तापतात.

१५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला गाडी दाखवावी लागते आणि तिथे दिवेही बघतात, हेही धरून चाला.

तर आधी मोजा. मल्टिमीटर नसेल तर गावात मोटार वाइंडिंगवाल्याकडे असतोच. होल्डरवरचा आकडा इथे लिहा. १३ च्या वर आला तर वायरिंगचा दोष नाही, मग रिफ्लेक्टर आणि काच पाहू.