तागासारखे नैसर्गिक तंतू घातलेले कंपोझिट उष्णतारोधक म्हणून चालतात का?

चालतात, पण थर्माकोलची जागा घेतील ही अपेक्षा नको. कंपोझिट म्हणजे रेझिन या चिकट, नंतर कडक होणाऱ्या पदार्थात तंतू बसवून केलेलं साहित्य. तागाचा तंतू आतून पोकळ असतो. तिथे अडकलेल्या हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन. काचतंतू भरीव, त्यांची १ च्या आसपास. म्हणून रेझिन तेच असलं तरी तागाचं पॅनेल काचतंतूंच्या पॅनेलपेक्षा उष्णता जास्त अडवतं. मात्र रेझिनचीच वाहकता ०.२ च्या घरात, त्यामुळे दाबून घट्ट केलेलं पॅनेल थर्माकोलच्या साधारण ०.०३५ पर्यंत पोहोचत नाही. शिवाय जास्त दाबाने पोकळ्याही चेपतात.

खरी डोकेदुखी ओल. तंतू पाणी शोषतात आणि पाण्याची वाहकता ०.६, कडा सीलबंद नसतील तर फायदा गेलाच समजा. निव्वळ उष्णतारोधच हवा असेल तर कमी रेझिनची, सैल तंतूंची चटई बरी, फक्त तिच्यावर भार टाकू नका.