हिवाळ्यात कयाकिंग सुरू करू का? करा, पण आधी पडायला शिका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या डंडीला आलात, जवळच्या कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) क्लबचा हिवाळी कार्यक्रम पाहिलात: नोव्हेंबर ते मार्च महिन्यातून दोनदा रविवारी नदीवर आणि रविवारी संध्याकाळी पूल, म्हणजे पोहण्याच्या तलावात सराव. कोलाडला दोनदा राफ्टिंग झालंय, पोहणं गावच्या विहिरीत शिकलात. आता थंडीत सुरुवात करणं हा वेडेपणा आहे का, सामानावर हजार पौंड घालावे लागतील का, आणि पोहता येत असताना पूलमध्ये कशाला जायचं, हे तीन प्रश्न. चौथा तुम्ही हळूच घातलाय, की घरून परवानगी मिळत नाहीये. त्याकडे शेवटी येतो.

याच भागातल्या एका क्लबात माझे अकरा हिवाळे गेलेत. पहिले दोन नुसते काकडण्यात गेले, तेव्हा खरे नऊच धरा.

स्कॉटलंडमध्ये नदीवाल्यांचा हंगाम हिवाळाच असतो. आपल्याकडे जून लागला की ओढे जागे होतात, तसं इथे ऑक्टोबरपासून. उन्हाळ्यात बऱ्याच नद्यांमध्ये कयाकचं बूड दगडांवर खरडत न्यावं लागतं. अपवाद धरणाखालच्या काही नद्यांचा. कोलाडला तुम्ही ज्या पाण्यावर गेलात, ते सकाळी रवाळज्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी होतं. इथे गॅरी आणि मॉरिस्टनचा कारभार तसाच, पाणी कधी सोडणार ते आधी कळतं. बाकीच्या नद्यांना कोणी नळ बसवलेला नाही. म्हणून आमच्या कार्यक्रमात तारीख पक्की असते, नदी नसते. शुक्रवारी रात्री कोणीतरी 'व्हेअर्स द वॉटर' उघडतं. सेपा, म्हणजे इथली पर्यावरण संस्था, नद्यांवर मापकं बसवते. त्यांचे आकडे ही साइट आमच्या भाषेत सांगते: 'स्क्रेप', 'लो', 'मीडियम', 'हाय' आणि अगदी शेवटी 'ह्यूज'. नवख्यांच्या सहलीत पाणी 'हाय' दिसलं तर नेता सोपी नदी धरतो किंवा सगळ्यांना घरी बसवतो. पहिल्या वर्षी मला अशा रद्द सहलींचा भयंकर राग यायचा.

आता पोहण्याचं. विहिरीत तयार झालेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि इथे नेमकं तेच नडतं. जानेवारीत टे नदीचं पाणी तीन-चार अंशांवर असतं. त्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर पोहणं हा विषयच नसतो. छाती आपोआप हापसायला लागते, श्वास तुमच्या ताब्यात नसतो, आणि तोंड पाण्याखाली असताना तो ओढला गेला तर संपलं. म्हणून बॉयन्सी जॅकेट. त्या मिनिटात तुम्हाला तरंगत ठेवायचं काम ते करतं, तुम्ही नाही. मग दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात, दोर दिसतो पण धरता येत नाही. लोक घाबरतात हायपोथर्मियाला, म्हणजे अंगाचं तापमान उतरण्याला, पण तो बऱ्याच सावकाश येतो. आधीच्या या दोन गोष्टी जास्त घातक.

माझीच गोष्ट सांगतो. दुसरा हिवाळा, जानेवारीचा रविवार. अ‍ॅबरफेल्डीला १७३३ सालचा जनरल वेडचा दगडी पूल आहे, त्याच्या जवळून निघून सात-आठ किलोमीटर खाली ग्रँटलीला यायचं होतं. (इंग्रजी स्पेलिंग वाचून 'ग्रँडटली' म्हणालात की गाव हसतं. ते 'डी' फक्त लिहायला आहे.) तिथे गावाच्या पुलाशी खळाळ आहे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे मध्यम अवघड, आणि स्लॅलमच्या (टांगलेल्या काठ्यांमधून वळत जायच्या शर्यतीच्या) काठ्या टांगलेल्या असतात. खडकामागे पाणी उलटं फिरून शांत होतं त्या जागेला एडी म्हणतात. तिथून धारेत शिरताना कयाक धार जिकडे वाहतेय तिकडे कलती ठेवायची, हा पहिला धडा. मी पुलावर उभ्या असलेल्या लोकांकडे बघत होतो. कललो उलट बाजूला. धारेने कड धरली आणि डोळ्यांसमोर एकदम चहाच्या रंगाचं पाणी. पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीमुळे, इथलं पाणी तसंच दिसतं. रोल, म्हणजे आत बसल्या बसल्याच पॅडलच्या (वल्ह्याच्या) आणि कंबरेच्या झटक्याने कयाक सुलटी करणं, दोनदा मारून पाहिला, दोन्ही फसले, मग स्प्रेडेक (कंबरेभोवती बसून कयाकचं तोंड झाकणारं आच्छादन) ओढून बाहेर आलो.

इथवर काही विशेष नाही, असं रोज कोणीतरी पडतं. पण सकाळी कार पार्कमध्ये ड्रायसूटची (पाणी आत न येऊ देणाऱ्या अंगभर सूटची) पुढची छोटी झिप, जी कशासाठी असते ते सांगत नाही, मी दोन बोटं उघडी ठेवली होती. आधी मांडीवर बर्फाची सुई टोचल्यासारखं झालं, मग बघता बघता दोन्ही पाय भरलेल्या हंड्यांसारखे जड. काठावरून दोराची पिशवी आली. पाठीवर पडून, दोर खांद्यावरून छातीशी धरून मी गोल फिरत काठाला लागलो, पण उठता येईना. दोघांनी झिप पूर्ण उघडून माझे पाय वर धरले आणि सूटमधलं पाणी ओतून काढलं. थर्मासचं झाकण फिरवायला गेलो तर बोटं नुसती त्यावरून घसरत होती. शेवटी क्लबातल्या साठीच्या एका बाईंनी झाकण उघडून चहा माझ्या तोंडाला लावला, बाळाला वाटीने दूध पाजतात तसा. पाण्यात मी जेमतेम दोन मिनिटं होतो.

पाण्यात पडेल त्याने स्वतःच्या बुटातून बिअर प्यायची, असा या मंडळींचा जुना रिवाज आहे. मला गाडी चालवायची होती म्हणून त्या दिवशी बुटात आयर्न-ब्रू, म्हणजे इथलं गोड सोडा-पेय, ओतलं. चव अजून आठवते.

म्हणून पोहण्याचा पूल. तिथलं पाणी कोमट असतं, लाजायचं कारण नाही, आणि पहिले तीन-चार रविवार तुम्ही फक्त उलटायचं. कयाक उलटली की पुढे वाकायचं, अगदी कपाळ डेकला लागेपर्यंत, म्हणजे नदीत चेहरा दगडावर आपटत नाही. मग दोन्ही हात बाहेर काढून बुडावर तीनदा थापायचं. हे तीन थाप मारणं पोरकट वाटतं, पण त्यासाठी जी दोन सेकंदं थांबावं लागतं त्यातच घाबरटपणा मोडतो. मग हात कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोबणीच्या, कडेवरून पुढे सरकवत स्प्रेडेकची पट्टी शोधायची, ती आधी पुढे आणि मग वर ओढायची, आणि पँट उतरवल्यासारखी कयाक अंगातून काढायची. डोळे मिटून करा, नाकात पाणी गेलेलं असताना करा. हे कंटाळवाणं झालं की पुढे जा: दुसऱ्याच्या कयाकचं टोक धरून वर येणं, मग दोघांनी मिळून एकमेकांच्या कयाक रिकाम्या करणं, मग रोल.

रोलच्या मागे सुरुवातीपासून लागू नका. तरणीताठी मुलं पहिल्याच दिवशी रोल मागतात. पूलमध्ये दहापैकी दहा जमतात आणि नदीत शून्य, कारण पाणी डोक्याला लागताच कवटीत कळ जाते आणि डोकं आधी वर काढायची घाई होते. रोलमध्ये डोकं सगळ्यात शेवटी येतं. कंबर आधी. जो शांतपणे पडू शकतो, पाठीवर राहून पाय पुढे आणि पायाची बोटं पाण्यावर ठेवतो, वेगाच्या पाण्यात उभं राहायचा मोह टाळतो (दगडांच्या फटीत पाय अडकला की धार माणसाला वाकवून पाण्याखाली दाबते) आणि पॅडल सोडत नाही, त्याला प्रत्येक नेता आनंदाने नेतो. मला रोल यायला तीन हिवाळे लागले.

सामान. कयाक, हेल्मेट, जॅकेट, स्प्रेडेक आणि पॅडल क्लब देतो, निदान पहिलं वर्षभर. तुम्ही घ्यायचे ते थर्मल कपड्यांचे दोन जोड आणि निओप्रिनचे बूट. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. चांगला नवा ड्रायसूट ५०० पौंडांच्या पुढे जातो, तो पहिल्या हिवाळ्यात घेऊ नका. वापरलेली ड्राय कॅग (पाणी आत न येऊ देणारं जाकीट) आणि खाली निओप्रिन यावर सोप्या नद्या होतात. पैसे घालायचेच असतील तर पोगीजवर घाला. पॅडलच्या दांड्याला अडकवलेल्या या पिशव्यांत हात घालायचा, म्हणजे बोटांना दांडाही लागतो आणि वारा लागत नाही. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा, माझे दोन चष्मे टेच्या तळाशी आहेत. आणि माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, करून पाहिलंय. खायला शेंगदाण्याचे लाडू न्या. बधिर बोटांनी उचलता येतात, आणि आता क्लबातली मंडळी डबा उघडायच्या आधी 'लाडू?' विचारतात.

दिवस कसा जातो तर धावपळीत. डिसेंबरात डंडीला साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेदहाला पाण्यात आणि दोनपर्यंत बाहेर. त्याआधी शटल: सगळं सामान वर उतरवायचं, गाड्या खाली सोडायच्या, एका गाडीतून परत वर यायचं. खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत ठेवून नदीत उतरणारा वर्षाला एक तरी निघतोच. ओल्या कपड्यांत, अंधारात, कुलूपबंद गाडीभोवती उभं राहिल्यावर क्लबातली लोकशाही कशी असते ते कळतं.

नदीत पडलेली झाडं ही हिवाळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळाने पूर्व स्कॉटलंडात बेसुमार झाडं आडवी केली. अशा झाडातून पाणी जातं, माणूस अडकतो, गाळणीत पत्ती अडकते तसा. म्हणून वळणापलीकडचं दिसत नसेल तर आधी एकजण उतरून काठाने बघून येतो. तुम्ही एडीत थांबायचं, कितीही गारठा असला तरी.

नदीवर रविवारीच का जातो, तेही सांगतो. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने इथे जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही नद्या आणि तळी खुली आहेत, परवाना लागत नाही. पण टेवर १५ जानेवारीला सॅमन मासेमारीचा हंगाम उघडतो. टेकाठच्या केनमोर गावात तो दिवस बॅगपाइप लावून अक्षरशः वाजतगाजत होतो. गळ टाकून बसलेल्या माणसासमोरून आपण आठ रंगीत कयाक घेऊन जाणं त्यालाही नको आणि आपल्यालाही नको. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला बंदी आहे. मिटलं भांडण. आणि साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सॅमन उथळ वाळू-गोट्यांत अंडी घालतात, तेव्हा तिथे कयाक खरडू नका, पाय देऊ नका.

समुद्राकडे पहिल्या हिवाळ्यात वळू नका, एवढंच म्हणतो. डंडीजवळच्या ब्रॉटी फेरीहून टेंट्समूरच्या वाळूवरचे सील लांबून बघायला मेमध्ये जाऊ. समुद्र सगळ्यात गार असतो तो फेब्रुवारी-मार्चात, बाहेर ऊन पडायला लागलं की लोक तिथेच फसतात.

आता घरचं. बायकोला 'काही होत नाही गं' असं सांगू नका, तिचा विश्वास बसणार नाही आणि बसूही नये. एका रविवारी तिला पूलवर घेऊन या. काठावर बसून तुम्हाला वीस वेळा उलटताना बघू दे. आणि सहलीच्या दिवशी तिच्याकडे कागदावर तीन गोष्टी द्या: कोणती नदी, कुठे बाहेर पडणार, किती वाजता फोन करणार. वेळ थोडी पुढची सांगा. आम्ही बाहेर पडल्यावर अ‍ॅबरफेल्डीत चिप्सच्या रांगेत अर्धा तास जातो, आणि तेव्हा कोणाचीच बोटं फोन चालवण्याइतकी शुद्धीवर नसतात.