‘कोरडी प्रार्थना’ की ‘प्रार्थनेतील कोरडेपणा’?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ख्रिस्ती माणूस रोज ठरल्या वेळी प्रार्थनेला बसतो, पण कित्येक महिने त्याला काहीच जाणवत नाही आणि वचन वाचूनही मन हलत नाही. या अवस्थेला ‘कोरडी प्रार्थना’ म्हणावे, ‘शुष्कता’ म्हणावे की ‘उदासीनता’? आणि अशा काळात प्रार्थना न सोडण्याला ‘चिकाटी’ हा शब्द पुरेसा आहे का?

‘कोरडी प्रार्थना’ हा प्रयोग टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कोरडा’ हे विशेषण बोलण्याला किंवा भावना व्यक्त करण्याला लागले की मराठीत ते बोलणाऱ्याच्या मनाविषयीच शंका घेते. कोरडी सहानुभूती, कोरडे आश्वासन, कोरडा उपदेश या सगळ्यांत ओठ हलतात पण मन त्यात नसते, असा आरोप असतो. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण तर दांभिकतेसाठीच वापरली जाते. जो काहीही न जाणवता पुन्हा गुडघे टेकतो, त्याच्या प्रार्थनेवर हा आरोप करणे अन्यायाचे आहे, कारण कदाचित त्याची प्रार्थनाच सर्वांत प्रामाणिक असेल. ‘मला प्रार्थनेत कोरडेपणा जाणवतो’ या वाक्यात मात्र हा दोष येत नाही. ‘मला थंडी वाजते’ किंवा ‘मला झोप येत नाही’ या वाक्यांप्रमाणे येथेही माणूस अनुभव सोसणारा आहे, तो घडवणारा नाही, आणि प्रार्थनेच्या खरेपणावर त्यातून कोणताही निकाल दिला जात नाही.

‘शुष्कता’ हा शब्द ग्रांथिक असला तरी त्याला पवित्र शास्त्राचा म्हणजे बायबलचा आधार आहे. त्रेसष्टाव्या स्तोत्रात ‘शुष्क, रूक्ष व निर्जल प्रदेश’ येतो आणि त्याच प्रदेशात जिवाला देवाची तहान लागलेली आहे. तेथे शुष्क आहे ती भूमी. जीव तहानलेला आहे, आणि तहान हे ओढ शिल्लक असल्याचे लक्षण आहे. लेखात किंवा प्रवचनात म्हणून ‘आध्यात्मिक शुष्कता’ अवश्य वापरावे.

‘उदासीनता’ मात्र येथे चुकीची आहे, आणि ही चूक केवळ कोशातली नाही. उदासीन म्हणजे ज्याला सोयरसुतक उरलेले नाही तो. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात लावदिकीया येथील ख्रिस्ती मंडळीला उद्देशून ‘कोमट’ हा शब्द येतो, त्याच्या जवळ हा अर्थ जातो. सोळाव्या शतकातील कार्मेल संघाचे स्पॅनिश संन्यासी क्रूसभक्त संत योहान (1542–1591) यांनी कोमटपणा आणि शुष्कता यांत नेमका भेद केला आहे. कोमट माणसाला देवाच्या गोष्टींची फिकीर नसते; शुष्कतेतल्या माणसाला देवाविषयीच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तशी इतर कशातही वाटत नाही, आणि आपण देवाच्या सेवेत मागे पडत आहोत ही चिंता त्याला सतत पोखरत राहते. ज्याला ही चिंता आहे त्याला उदासीन म्हटले, तर आपण त्याला नसलेल्या पापाची कबुली द्यायला लावतो. असे अनेकदा होते, म्हणून येथे शब्दाबाबत आग्रह धरावासा वाटतो.

बोलताना बहुतेक लोक ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ असे म्हणतात. ते सहज मराठी आहे, पण त्यात चित्त भरकटणेही येते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने चित्तविक्षेप आणि शुष्कता या दोन वेगळ्या अडचणी मानल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता ‘चिकाटी’. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील, न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेला हा शब्द शोभतो, कारण तिची एक मागणी आहे आणि ती पुरी होईपर्यंत तिला थांबायचे नाही. शुष्कतेत पुष्कळदा मागणीच सुचत नाही. तेथे मला मराठी बायबलमधील ‘प्रार्थनेत तत्पर’ (रोम 12:12) हे शब्द अधिक नेमके वाटतात. आज ‘तत्पर’ म्हणजे चटकन कामाला लागणारा असा अर्थ रूढ झाला असला, तरी ‘तत्’ आणि ‘पर’ या घटकांचा अर्थ ‘त्यातच लागून राहिलेला’ असा आहे. मूळ ग्रीक क्रियापदही चिकटून राहण्याचे आणि सेवेत हजर राहण्याचे आहे. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूसाठी होडी तयार ठेवण्याविषयी तेच क्रियापद आले आहे. सांगण्यासारखे काही नसतानाही हजर राहणे त्यात बसते.

हजर राहण्याची रीत संतांनी बारकाईने सांगितली आहे. येशूसंघाचे (जेजुइट) संस्थापक लोयोलाचे संत इग्नाती म्हणतात की खिन्नतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि प्रार्थनेचा ठरलेला तास कमी करण्याचा मोह झाला तर उलट थोडे अधिक थांबावे. कार्मेल संघाचीच संन्यासिनी अविलाची संत तेरेजा आत्मचरित्रात आपल्या सुमारे अठरा वर्षांविषयी लिहिते की प्रभुभोजन घेतल्यानंतरची वेळ वगळता, पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे तिला धाडस होत नसे. यासाठी ‘चिकाटी’पेक्षा ‘निष्ठा’ हा शब्द मला योग्य वाटतो, आणि वाक्यात ‘शुष्कतेच्या काळातही तो प्रार्थनेत तत्पर राहिला’ असे लिहावे.