ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना नर्सिंगला प्रवेश

प्रश्न : आमचा मुलगा ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या ड्रग्जच्या) व्यसनातून सावरलाय. दीड वर्षापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीने ब्युप्रेनॉर्फिन हे त्या व्यसनावरचं औषध घेतोय. इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला अर्ज करायचाय. हे अर्जातच सांगावं का? ड्रग टेस्टमध्ये अडकेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अर्जात सांगू नका. सरकारी अनुदान घेणाऱ्या कॉलेजाला प्रवेशाआधी ‘तुम्हाला काही डिसॅबिलिटी आहे का’ असं सहसा विचारताच येत नाही, आणि कायद्याच्या नजरेत व्यसनाचा आजारही डिसॅबिलिटीत येऊ शकतो. मात्र निबंधात त्याने स्वतःहून लिहिलं, तर ते निवड समितीच्या नजरेखालून जाणारच. आणि नेमकं तेच बरेच जण लिहून बसतात.

१९९० चा डिसॅबिलिटी कायदा (एडीए) व्यसनातून सावरलेल्याला संरक्षण देतो. सध्या बेकायदा ड्रग्ज घेणाऱ्याला त्या वापरावरून नाकारलं, तर नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालचं ब्युप्रेनॉर्फिन बेकायदा वापरात मोडत नाही, हे न्याय खात्याने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, असं औषध घेणाऱ्या नर्सना व्यसनातून सावरण्याच्या मदत-कार्यक्रमात न घेतल्याबद्दल इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाने कायदा मोडल्याचा निष्कर्ष त्याच खात्याने काढला होता. गांजाचं मात्र तसं नाही. राज्यात चालतो म्हणून टेस्टमध्येही चालेल, या भरवशावर राहू नका.

टेस्ट बहुधा प्रवेशानंतर, हॉस्पिटलातल्या ड्यूटीआधी होते. साध्या पाच औषधांच्या टेस्टमध्ये ब्युप्रेनॉर्फिन नसतं, जास्त औषधं तपासणाऱ्या मोठ्या टेस्टमध्ये (पॅनेलमध्ये) असू शकतं. तेव्हा आधीच विचारून घ्या : पॉझिटिव्ह निकाल मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर (निकालांची शहानिशा करणारा डॉक्टर) तपासतो ना? तपासत असेल तर तो मुलाला फोन करतो, चिठ्ठीची फार्मसीकडून खात्री करतो आणि कॉलेजाला ‘निगेटिव्ह’ कळवतो. औषधाचं नाव सहसा त्याच्यापाशीच थांबतं. अनोळखी नंबरचा फोन उचलला नाही आणि मुदत टळली, की सरळ पॉझिटिव्हची नोंद होते. त्या दिवसांत फोन हाताशी हवा.

सवलत हवी असेल (समुपदेशनासाठी ठरावीक दुपार मोकळी, शिफ्टची वेळ मागेपुढे) तर ती प्रवेश मिळाल्यावर कॉलेजाच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसेस कार्यालयाकडे लेखी मागायची, प्राध्यापकांकडे नाही. डॉक्टरांचं पत्र एका पानाचं पुरे : उपचार चालू आहेत, प्रकृती स्थिर आहे, अमुक वाराला अमुक तास लागतात, किती महिने. व्यसनाचा इतिहास त्यात नको. हजेरीचे तास माफ होणार नाहीत. ते भरून काढायची वेळ मागता येते.

व्यसनमुक्ती केंद्राकडून पत्र घेणार असाल तर मुलाची लेखी संमती लागते. तिच्यात कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत हे भरा. ‘कॉलेज’ एवढंच लिहिलं तर कागद कुठेही फिरतो.

नकार आलाच तर कारण लेखी मागा. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस आहे आणि ती घटनेच्या तारखेपासून मोजली जाते.