खुणा केल्या तर बाळ बोलायचं थांबेल का?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगी सात महिन्यांची आहे. टाळी वाजवली की वळायची, म्हणून शंका आली नाही. आता बेळगावात बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे बघणारी) तपासणी केली, तर दोन्ही कानांत ९० डेसिबलच्या पुढे, म्हणजे अतितीव्र, दोष निघाला. श्रवणयंत्र लावायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, तिचे आजोबाही उशिराच बोलले, तीन वर्षांची होईपर्यंत थांबा. कुणी सांगतं, खुणा करू नका, मग ती बोलणारच नाही. ऐकण्या-बोलण्याची थेरपी कन्नडमध्ये असते आणि घरीही कन्नडच बोला म्हणतात. मला कन्नड बाजारापुरतं येतं. माझं लग्न मामेभावाशी झालंय, त्यामुळे सगळा दोष माझ्यावर येतोय.
– एक आई

उत्तर : थांबू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. आजोबा उशिरा बोलले असतील, पण त्यांना ऐकू येत होतं. ते गप्प होते तेव्हाही घरातलं बोलणं कानावर पडत होतं. तुमच्या लेकीपर्यंत ते पोचतच नाही. महिनाभरात पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र व मार्गदर्शन, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं. तुम्ही त्याच्या जवळपासच आहात. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलात तर भाषा रुजण्याचा सगळ्यात चांगला काळ हातचा जाईल. आणि टाळीचं म्हणाल, तर हात हलतो, वारा लागतो, बाळ डोळ्यांनी आणि कातडीनं ओळखतं. कर्णबधिर मुलांना शिकवताना हीच टाळीची गोष्ट मी कितीतरी आयांकडून ऐकली आहे.

यंत्र जागेपणी पूर्ण वेळ लावा, देवळात आणि लग्नकार्यातसुद्धा. बाळाचा कान वाढतो, काही महिन्यांत यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. तेव्हा ते बिघडलं समजून कपाटात ठेवू नका, नवा साचा करून घ्या. बॅटरीचं झाकण बाळाला उघडता येणार नाही असंच मागा. बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका भाजते, म्हणून तसा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठायचा.

एवढ्या दोषात यंत्र पुरेल का, हे काही महिन्यांत कळेल. नाही पुरलं तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा, विचार करावा लागेल. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते. त्याचं काम मुंबईची अली यावर जंग वाक् श्रवण संस्था पाहते. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, तेव्हा कागदपत्रं आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्तापासूनच करायला घ्या. सल्ल्यासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थाही आहे. मात्र शस्त्रक्रिया झाली की मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागतं, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्यानंतर ऐकायला शिकवण्याचं काम काही वर्षं चालतं.

आता खुणा. खुणांमुळे वाणी खुंटते, ही भीती मला मान्य नाही. ऐकू येणारी बाळंसुद्धा आधी बोट दाखवतात, हात हलवून टाटा करतात, मग बोलतात. यंत्राशी जुळवून घेण्यात, इम्प्लांटची वाट पाहण्यात महिने जातात. त्या महिन्यांत तिच्या डोक्यात शब्द कुठून यायचे? ‘दूध’ म्हणा आणि खूणही करा. तिच्यासमोर बसा, तोंडावर उजेड राहू द्या, ती बघते त्याच वस्तूबद्दल बोला. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं तिचा शब्दकोश केलाय, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात. रोज एकदोन खुणा शिका, सासूबाईंनाही शिकवा. पुढे ती वाणीनं बोलेल, हातांनी बोलेल की दोन्हींनी, हे तिची प्रगती बघून ठरवता येईल. आज एकच वाट धरायची काही गरज नाही.

घरी मराठीच बोला. जी भाषा तुम्हाला सहज येते तिच्यातच तुम्ही तिला रागवाल, लाड कराल, ‘आलं गं माझं बाळ’ म्हणाल. बाजारापुरत्या कन्नडमध्ये दिवसभर बोलायला गेलात तर तुमचंच बोलणं आटेल आणि तिला मिळणारी भाषा कमी होईल. आपल्या भागात घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलत पोरं वाढतातच. कर्णबधिर मुलंही दोन भाषा शिकू शकतात, पण आधी एक तरी भरपूर मिळायला हवी. थेरपिस्टना स्पष्ट सांगा, ‘मला घरी मराठीतून करायचे खेळ द्या.’ आवाज ऐकवायच्या आ, ई, ऊ, म, श, स या सरावाला कुठलीच भाषा लागत नाही. अंगणवाडीत ती कन्नड उचलेल.

दोषाचं ऐका. जन्मजात बहिरेपणात वंशागत कारण बऱ्याचदा असतं, आणि नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते. पण अशा बहुतेक प्रकारांत एकाच जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि दोघांचंही ऐकणं चांगलं असतं. एकट्या आईकडे बोट दाखवायला कुणालाच जागा नाही, हे तुमच्या यजमानांनी घरात मोठ्यानं सांगायला हवं. दुसऱ्या बाळाचा विचार कराल तेव्हा आधी जनुकीय सल्ला घ्या, आणि ते जन्मलं की घरी आणण्याआधीच त्याच्या कानांची तपासणी करून घ्या.