घाटासाठी भरवशाची गाडी बदलावी का?

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांची, टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल इंजिनाची आणि हाताने गिअर बदलण्याची गाडी आहे. ती सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे धावली आहे आणि तिने मला वाटेत कधीही अडकवलेले नाही. आजवर माझा प्रवास सपाट रस्त्यांवरचा होता. आता बदलीमुळे दर आठवड्याला दोन हजार मीटरहून उंच खिंडीतून जाणाऱ्या महामार्गाने ये-जा करावी लागणार आहे, आणि बरोबर बहुतेक वेळा आई-वडील व सामान असेल. “एवढ्याशा इंजिनाची गाडी घाटात दमेल, चारही चाकांना ओढ देणारी मोठी गाडी घे,” असे जो तो सांगतो. थोरल्या भावाच्या मते गाडी उत्तम आहे. उतारावर ती न्यूट्रल केली की इंजिनाला आराम मिळतो आणि इंधनही वाचते. गाडीला एबीएस आहे. ती बदलावी, की नीट दुरुस्त करून वापरत राहावे?

उत्तर : आपल्या पत्रात सगळ्यांची काळजी चढाची आहे. घाटात गाडीची खरी परीक्षा उतारावर होते, म्हणून बदलायची की नाही हा निर्णयही उताराच्या बाजूनेच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही चढाची शंका आधी फेडून टाकू, कारण तिच्यापोटीच लोक गरज नसताना मोठे इंजिन विकत घेतात.

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीबरोबर घटते, कारण हवा विरळ होत जाते. दर हजार मीटरमागे साधारण १० टक्के घट धरतात. म्हणजे पायथ्याशी ८० अश्वशक्ती देणारे इंजिन खिंडीत ६४-६५ च्या आसपास येते. आता गरज किती ते पाहा. माणसे व सामान धरून १,४०० किलो भरणारी गाडी ६ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटरने न्यायची, तर केवळ वर चढण्यासाठी सुमारे १९ अश्वशक्ती लागते आणि हवेचा व टायरांचा विरोध मिळवला तरी हिशेब पंचवीसच्या आसपास थांबतो. ताकद पुरेशी आहे, मात्र ती इंजिन वरच्या फेऱ्यांत फिरत असतानाच मिळते. सपाटीवर चालवणाऱ्याला इंजिनाचा चढलेला आवाज ऐकला की भीती वाटते, तो घाईने वरचा गिअर टाकतो आणि मग गाडी धापा टाकू लागते. तिसऱ्या, वेळ पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे. त्याने त्याचे काही बिघडत नाही. आपल्याला एकच गोष्ट सोडून द्यावी लागेल, ती म्हणजे चढावर ट्रकला झटकन मागे टाकण्याची अपेक्षा. तिथे लहान इंजिन खरोखरच कमी पडते आणि त्यावर संयमाखेरीज दुसरा उपाय नाही.

चढावर इंजिन तापण्याची भीती मात्र रास्त आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. दोन हजार मीटरवर ते ९३ अंशांच्या आसपास उकळू लागते. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) त्याही पुढे उकळत नाही, पण त्या झाकणाची स्प्रिंग दहा वर्षांत सैल पडलेली असू शकते आणि सपाटीवर हे कधीच लक्षात येत नाही. झाकण, थर्मोस्टॅट, रबरी होस आणि पंखा तपासून घ्या, कूलंट जुने असल्यास बदला. क्लचही पाहून घ्या : वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे आणि भरल्या गाडीने घाट चढताना तो हमखास जळेल.

आता उताराकडे येऊ. १,४०० किलोची गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, ती २० अंशांचे जवळपास ४० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला इंजिनाने अडवला नाही, तर तो सगळा चार चाकांतल्या ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठतो. पॅड अतिशय तापले की त्यांची पकड जाते. पेडल घट्ट लागते, पाय जोर लावतो, पण गाडी थांबायला तयार नसते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डब्यावर डॉट ३ असा दर्जा लिहिलेल्या नव्या ऑइलसाठी तो किमान २०५ अंश असतो, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे मऊ होऊन थेट तळाशी जाते. ज्या गाडीने सपाटीवर दहा वर्षे एकदाही दगा दिलेला नाही, तिच्यातही हे घडू शकते, कारण सपाटीवर ब्रेक एवढे तापण्याची वेळच कधी आलेली नसते. आपण जिला भरवशाची म्हणता तिचा हा भाग अजून तपासला गेलेला नाही.

म्हणूनच भावाचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की तिला धरून ठेवणारे इंजिन बाजूला होते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंधनाचा हिशेबही उलटा आहे : इंधन इंजेक्शन असलेल्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठा जवळपास पूर्ण बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. ज्या गिअरने तो चढ चढलात, त्याच किंवा त्याखालच्या गिअरने उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबून तो उतरवा आणि पाय काढून घ्या, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला निवायला अवधी मिळतो.

पहिल्या प्रवासाआधी ब्रेक ऑइल, पॅड, डिस्क, होस आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या पाहून घ्या, आणि ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर कोणी काहीही म्हटले तरी बदला. मग एकदा एकट्याने घाट उतरून या. पायथ्याला सुरक्षित जागी थांबून प्रत्येक चाकाजवळ, न लावता, तळहात धरून पाहा. पुढची दोन्ही चाके मागच्यांपेक्षा जास्त तापलेली असणे स्वाभाविक आहे, पण डावी-उजवीत मोठा फरक जाणवला, तर एका बाजूचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अडकलेला असण्याची शक्यता आहे. तो तसाच राहिला तर भर वळणावर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाईल. टायरांच्या बाबतीत नक्षीबरोबर वयही पाहा. कडेला छापलेल्या सांकेतिक अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. अनेक देशांत नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या घाटात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी कोणालाही जाऊ देणार नाही. टायर गाडीबरोबरचेच असतील, तर नक्षी कितीही चांगली दिसो, ते काढून टाका.

इथवरची सगळी कामे दुरुस्तीत बसणारी आहेत आणि त्यांच्यासाठी गाडी बदलण्याचे कारण नाही. “गाडीच्या किमतीच्या मानाने एवढा खर्च कशाला?” असे कोणी विचारेल. ब्रेक आणि टायर यांचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहणे मला पटत नाही. आपण ते आतल्या माणसांसाठी बसवतो.

दोन गोष्टी मात्र गॅरेजमध्ये नंतर बसवून मिळत नाहीत. एक म्हणजे गाडीचा सांगाडा : खालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे जोडलेले असते त्या जागा गंजाने खाल्लेल्या असतील, तर पुढचा विचारच नको. दुसरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण. ब्रेक करकचून दाबला तरी एबीएस चाके अडकू देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. स्थिरता नियंत्रण त्याच्या पुढे जाऊन, गाडी वळणावर बाहेर फेकली जाऊ लागली की एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावते आणि तिला वाटेवर आणते. १९९५ मध्ये ते प्रथम विक्रीच्या गाड्यांत आले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ते नव्या गाड्यांना सक्तीचे झाले, कारण एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका त्याने जवळपास निम्म्यावर येतो असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसून आले होते. घाटातले अनेक अपघात याच जातीचे असतात. आपल्या गाडीत ते आहे का हे पाहणे सोपे आहे : किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर, मागे नागमोडी रेघा असलेल्या गाडीचे पिवळे चिन्ह क्षणभर पेटते का ते बघा.

ते पेटत असेल आणि सांगाडा ठणठणीत असेल, तर वर सांगितलेली कामे करून हीच गाडी निःशंकपणे वापरा. ते नसेल, तर दुरुस्त केलेली गाडी कोरड्या ऋतूत आणि दिवसाउजेडी चालेल. पण दर आठवड्याला, पावसात, बर्फात किंवा रात्री, आई-वडिलांना घेऊन ती खिंड ओलांडायची असेल, तर मी गाडी बदलण्याच्या बाजूने आहे. चार महिने सावकाश शोधून बदला, कोणाच्या दडपणाखाली घाईने नको.

बदलताना मोठ्या गाडीचा हट्ट धरू नका. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो आणि जड गाडीला उतारावर थांबवायला जास्त ब्रेक लागतो. चारही चाकांना मिळणारी ओढ निसरड्या जागेवरून सुटायला आणि चढायला उपयोगी पडते. थांबायला आणि वळायला तिचा उपयोग नाही, तिथे टायरच कामाला येतात. छोटे टर्बो इंजिन उंचीवर आपली बरीचशी ताकद राखून ठेवते. स्वयंचलित गिअरची गाडी घेणार असाल, तर खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय आहे ना, हे आधी विचारा. विजेच्या गाडीला विरळ हवेचा त्रास नाही आणि ती उतारावर बॅटरी भरत वेगही आवरते, पण घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला ती ऊर्जा साठवायला जागा उरत नाही आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. म्हणून वर मुक्काम असेल तर चार्जिंग थोडे आधीच थांबवावे.

निवडलेल्या गाडीची चाचणी विक्रेत्याच्या दारापुढच्या सरळ रस्त्यावर घेऊ नका. घरची माणसे आत बसवून, लांब उतार असलेल्या रस्त्यावर ती न्या आणि खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, गाडी किती वेगावर स्वतःला धरून ठेवते ते पाहा.